दाखल्यावरची तारीख

जून महिन्यातल्या एका सोमवारी, दुसऱ्या तासानंतर, रंगून टीचरांनी एका दाखल्यावर खोटं लिहिलं आणि खाली सही केली. मी समोर उभी होते. शाई वाळल्यावर त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि त्या तिसऱ्या तासाला गेल्या.

हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवते. आमच्या गल्लीत त्यांच्याविषयी बोलताना लोक आधी बाकीचं सगळं सांगतात, चांगलंच सांगतात, आणि मग आवाज उतरवून हे सांगतात. मला तसं करायचं नाही. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. या वर्षात मी कितीदा तरी लिहायला बसले आणि दोन ओळींवर थांबले. आता जेवढं जमेल तेवढं लिहिते.

त्यांचं नाव यमुनाबाई. मुली त्यांना रंगून टीचर म्हणत. मी शाळेत टीचर म्हणे आणि गल्लीत यमुनक्का. तंजावरला राजवाड्यामागच्या ज्या गल्लीत आमची मराठी घरं अजून आहेत, तिथे त्यांच्या माहेरची आणि आमची भिंत एकच होती. लग्न होऊन त्या रंगूनला गेल्या. नवरा तिथेच वारला. मग त्या तिथल्या तमिळ मुलींच्या एका शाळेत शिकवू लागल्या, युद्ध आलं, शाळा गेली आणि त्या पायी हिंदुस्थानात परत आल्या. चरित्र म्हणून मला एवढंच सांगता येईल. याहून जास्त त्यांनी कुणाला सांगितलं असेल असं वाटत नाही.

परत आल्यावर त्यांनी तंजावरच्या ज्या मुलींच्या शाळेत नोकरी धरली, तिथेच मी कचेरीत कामाला होते. प्रवेशाची नोंदवही, दाखले, पत्रव्यवहार माझ्याकडे. माझे वडील राजवाड्यातल्या ग्रंथालयात जुनी बाडं उतरून काढत, म्हणून आमच्या घरात नागरी अक्षर टिकलं. गल्लीतल्या बाकीच्यांनी मराठी तोंडात ठेवली आणि लिहायला तमिळ घेतली.

यमुनक्का बुटक्या होत्या, चालताना डाव्या पायावर जरा जास्त भार देत. कपाळाला कुंकू नव्हतं, पण केस राखलेले होते. गल्लीतल्या म्हाताऱ्या त्यावर पहिली दोन वर्षं बोलल्या, मग थकल्या. त्या स्वतः त्यावर कधीच बोलल्या नाहीत. आमच्या बोलीत सगळ्यांना 'अस्के' म्हणतात. एकदा माझी आत्या तोंडावरच म्हणाली, "यमुने, रंगूनांत अस्के असेच केस ठेवतात कां?" तर म्हणाल्या, "रंगूनांत वेळच मिळाली नै, आत्या. न्हावी आधी पळाला."

नवी मुलगी शाळेत आली की टीचर आधी तिचे पाय पाहत. तोंड नंतर. "पाय दाखव," म्हणत आणि मुलगी गोंधळून पाऊल उचलून दाखवी. साध्या घरच्या मुलींना हा खेळ वाटे. पण वर्षाकाठी एखादी मुलगी अशी येई की तिचे तळवे टणक, सोललेले, जुन्या जखमांचे असत. तिला मग त्या दुसरं काही विचारत नसत. स्वतःजवळच्या बाकावर बसवत आणि पहिले आठ दिवस तिला फळ्याकडे उभं करत नसत.

युद्ध संपलं होतं, पण ब्रह्मदेशात ते संपलं नव्हतं. स्वातंत्र्य मिळाल्यावर तिथे आपसात लढाया सुरू झाल्या. कावेरीच्या आमच्या मुलखातून पिढ्यानपिढ्या तिकडे भातशेतीला, गिरण्यांत, दुकानांत गेलेली माणसं हळूहळू परतत होती. कधी एक घर, कधी नुसती एक आजी आणि नात. त्यातल्या मुली कुठल्या ना कुठल्या मामाच्या, काकाच्या घरी येऊन पडत आणि कुणी शहाणा माणूस असला तर त्यांना आमच्या शाळेत आणून उभं करी.

टीचरांच्या वर्गात सकाळी प्रार्थनेनंतर पाढे नसत, पत्ता असे. प्रत्येक मुलीनं उभं राहून आपलं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, रस्ता, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा एका दमात म्हणायचा. आधी तमिळमध्ये, मग इंग्रजीत. चाळीस मुली, रोज. यात अर्धा तास जाई. हेडमिस्ट्रेस बाईंनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा समजावायच्या थांबल्या. मुलींना तर तो इतका पाठ झाला होता की एकदा एका कापडदुकानात मालकानं एका मुलीला, "काय हवं, अम्मा?" असं विचारलं, तर तिनं नावापासून जिल्ह्यापर्यंत सगळं म्हणून टाकलं. दुकानातली माणसं हसली. मालकानं तिला रिबिनीचा तुकडा फुकट दिला.

एका वकिलांना मात्र हे आवडलं नाही. त्यांची मुलगी टीचरांच्या वर्गात होती. ते कचेरीत आले, खुर्ची ओढून बसले.

"टीचरम्मा, या गावात माझ्या मुलीला कोण ओळखत नाही? कुत्रंसुद्धा ओळखतं. तिला पत्ता पाठ कशाला?"

"सर," टीचर म्हणाल्या, "रंगूनमध्ये आम्हालाही अख्खी पेठ ओळखत होती."

"मग?"

"मग पेठ राहिली नाही."

वकील उठले. जाताना म्हणाले, "इंग्रजीत 'डिस्ट्रिक्ट'चा उच्चार ती चुकीचा करते, तेवढा नीट करून घ्या."

त्यांच्याजवळ एक हजेरीपट होता. रंगूनच्या शाळेचा, त्यांच्या वर्गाचा. कडा पाण्यानं फुगलेल्या, पुठ्ठा गेलेला, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला. बॉम्ब पडतील तेव्हा काय करायचं याचा त्या शाळेत नियम होता: मुली रांगेनं खंदकात, टीचर शेवटी, आणि टीचरच्या हातात हजेरीपट. खंदकात बसून नावं पुकारायची. नियमाप्रमाणे त्या तो घेऊन बाहेर पडल्या आणि मग तो ठेवायला शाळा उरली नाही, म्हणून तो त्यांच्याबरोबर आला. एक्केचाळीसच्या डिसेंबरातला तो दिवस. त्या दिवशी वर्गातल्या सगळ्या मुली हजर होत्या. पटावर तशी नोंद आहे.

त्यानंतरच्या रकान्यांत त्यांनी हजर-गैरहजर काही लिहिलं नाही. पायी परतताना कलेवाच्या वाटेवर, सरहद्दीजवळ तामूच्या छावणीत, कुठे कुठे त्यांना आपल्या मुली आपल्या घरच्यांबरोबर चालताना दिसल्या. जिथे दिसली तिथलं नाव त्यांनी त्या मुलीच्या नावापुढे पेन्सिलीनं लिहिलं. ज्या दिसल्या नाहीत त्यांच्यापुढे जागा कोरी.

मी एकदा विचारलं, "यमुनक्का, या गैरहजर म्हणायच्या की नाही?"

"गैरहजर म्हणजे शाळा भरली आणि मुलगी आली नै," त्या म्हणाल्या. "शाळा भरली कुठं? आणि मी पाहिलं नै तें मी लिहूं कसं?"

पाहिलं तेवढंच लिहायचं, हा त्यांचा धर्म होता. एरवी त्या देवळात क्वचितच जात. वर्गातली एखादी मुलगी घंटेनंतर एका मिनिटानं आली तरी हजेरी पडत नसे. मग ती हेडमिस्ट्रेसची भाची असो की तिच्या घरी कुणी आजारी असो. "शिक्षा नाही," त्या म्हणत, "पण तू तेव्हा नव्हतीस. मी 'होतीस' असं कसं लिहू?" मुलींना ते समजत असे. पालकांना समजत नसे.

आता पार्वतीचं लिहायला हवं. ते मी टाळत आले आहे.

एकोणीसशे पन्नासनंतरची पहिली वर्षं. पार्वती चौदा वर्षांची होती. तिकडच्या खेड्यात बंडखोरांनी घरं जाळली तेव्हा बाप गेला. आई आधीच नव्हती. ती रंगूनला कुणाकडे तरी राहून शाळा शिकत होती. मग मामानं तिला बोलावून घेतलं. मामा तंजावरजवळच्या एका भातगिरणीत देखरेखीला होता. माणूस वाईट नव्हता. तो तिला घेऊन आला आणि म्हणाला, "ही तिकडे सातवी झाली आहे म्हणते. आठवीत घ्या."

दाखला नव्हता. दाखल्याशिवाय घ्यायचं तर परीक्षा घ्यावी लागे. पार्वतीला अंक सगळे येत, इंग्रजी येत असे, पण तमिळ लिहिताना तिचा हात अडे. लहानपणापासून ती ब्रह्मदेशी अक्षर गिरवत आली होती. कागद तपासून झाल्यावर तिला तिसरीत बसवायचं ठरलं.

हेडमिस्ट्रेस बाई मनानं चांगल्या होत्या. त्यांनी टीचरांना बोलावलं. मी तिथेच होते. "यमुनाबाई, तुम्ही रंगूनला शिकवत होतात. तुमच्या त्या शाळेचा दाखला तुम्ही द्या. मुख्याध्यापिका कुठे आहेत कुणाला माहीत नाही, शाळा नाही, तपासायला कोण जाणार आहे? तुम्ही लिहा, मी मान्य करते."

टीचर म्हणाल्या, "ही माझ्या पटावर नाही."

"पटावर नसली तरी तिच्याकडे पाहा ना. तिसरीत बसेल कां ही?"

"ही दुसऱ्या शाळेत होती. मी हिला शिकवलेलं नाही. दोन महिने द्या मला. मी हिचं तमिळ करून घेते, मग परीक्षा घ्या."

दोन महिने म्हणता म्हणता पाच झाले. पार्वती दिवसा तिसरीच्या शेवटच्या बाकावर बसे, गुडघे बाकाला लागत म्हणून एका बाजूला वळून. आठ-आठ वर्षांच्या पोरी तिला 'अक्का' म्हणत आणि मधल्या सुट्टीत तिच्याकडून वेण्या घालून घेत. शाळा सुटल्यावर ती टीचरांच्या ओट्यावर येई. मी कचेरीतून घरी येई तेव्हा त्या दोघी पाटीवर वाकलेल्या दिसत. टीचर तिला घाई करत, जी त्या कुणालाच करत नसत. "पुन्हा. पुन्हा काढ. बघ, हे अक्षर पोटातून वळतं." पार्वती हसून म्हणे, "टीचर, आमच्याकडे सगळीच अक्षरं पोटातून वळतात."

मार्गशीर्षात ती यायची थांबली. मामाला आम्ही बाजारात गाठलं. तो मान खाली घालून म्हणाला, "टीचरम्मा, मी काय करू? घरात रोज तेच. चौदा वर्षांची घोडी तिसरीत जाते, लोक विचारतात डोक्यानं कमी आहे कां म्हणून. आठवीत असती तर मी सगळ्यांना सांगितलं असतं की मॅट्रिक होईपर्यंत थांबा."

तै महिन्यात, म्हणजे संक्रांतीनंतर, तिचं लग्न झालं. नवरा पट्टुक्कोट्टैकडचा, बिजवर. आम्ही दोघी गेलो. टीचर पंगतीत बसल्या, केळीच्या पानावरचं शेवटचं शीत संपेपर्यंत जेवल्या. त्या नेहमीच तशा जेवत. पानावर काही टाकलेलं मी कधी पाहिलं नाही. पार्वती पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सवयीनं तिच्या पावलांकडे पाहिलं. पायांना हळद लावलेली होती.

परत येताना बसमध्ये त्या एकच वाक्य बोलल्या. "मुलग्याची यत्ता चुकली तर तो मागच्या बाकावर बसतो, शांता. मुलीची चुकली तर ती चुलीपुढं बसते." पुढे हे वाक्य त्यांच्या तोंडून मी अनेकदा ऐकलं. शाळेच्या सभेत, पालकांपुढे, समितीपुढे. लोकांना ते आवडे, काही जण माना डोलावत. त्यांना ते पहिल्यांदा कुठे सुचलं हे मला ठाऊक असल्यामुळे मी मान डोलावू शकत नसे.

चार-पाच वर्षांनी पार्वती एकदा तंजावरला आली होती. कडेवर मूल, हाताला दुसरं. मुद्दाम शाळेत आली, वर्ग बघितला, तिसरीचा तो बाक बघून हसली. टीचरांना तिनं ओलिताची केळी आणली होती, मोठा घड. बोलता बोलता तिनं सहज विचारलं, "टीचर, तेव्हा तुम्ही तो कागद लिहिला असता तर काय झालं असतं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती, एखादं गणित राहून गेलं असावं तसं. टीचरांनी तिच्या मुलाच्या हातात केळं दिलं, साल काढून दिलं, साल हातात धरून ठेवलं. "माहीत नाही, पार्वती," त्या म्हणाल्या.

ती गेल्यावर त्यांनी त्या दिवशी शेवटचा तास घेतला नाही. मुलींना पाढे म्हणायला सांगून खिडकीशी उभ्या राहिल्या. माझ्या आठवणीत त्यांनी तास न घेतल्याचा तो एकच दिवस.

चौसष्टच्या सुमारास ब्रह्मदेशातून पुन्हा माणसं येऊ लागली, आणि या वेळी बोटी भरून. दुकानं सरकारनं घेतली होती, राहणं अशक्य झालं होतं. रंगूनच्या बंदरावर त्यांच्या पेट्या तपासल्या जात आणि कागदपत्रं तिथेच राहत, असं ते सांगत. मद्रासच्या छावण्यांतून ती माणसं आपापल्या मूळ गावांकडे पांगली, त्यातली काही घरं आमच्या भागात आली.

त्या सोमवारी जी मुलगी आली तिचं नाव धनम. तेरा वर्षांची. बाप शिंपी होता. हातात टोपी धरून उभा राहावा तसा मोजपट्टीची गुंडाळी धरून उभा होता. पहिल्या तासाला मी त्याला सांगितलं, दाखला हवा. तो म्हणाला, "अम्मा, बंदरावर त्यांनी शिवणयंत्र घेतलं, बायकोची डोरली घेतली. दाखला तर नुसता कागद." 

दुसऱ्या तासानंतर टीचर कचेरीत आल्या. धनमला म्हणाल्या, "पाय दाखव." तळवे मऊ होते. "ही बोटीनं आली," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मग तिला अपूर्णांक विचारले, एक उतारा वाचायला दिला, इंग्रजीत चार ओळी लिहायला लावल्या. धनमचं तमिळही अडखळत होतं. टीचर ऐकत राहिल्या. मग त्यांनी माझ्या टेबलावरून कागद ओढला, आपल्या रंगूनच्या शाळेचं नाव वर लिहिलं आणि लिहिलं की ही मुलगी या शाळेत माझ्या वर्गात शिकत होती आणि सातवी उत्तीर्ण झाली आहे.

बाप बाहेर गेल्यावर मी मराठीत म्हटलं, "टीचर, ही तेव्हां जन्मलीच नव्हती."

"मज गणित येतें," त्या म्हणाल्या.

'शाळा सोडल्याची तारीख' या ओळीपुढे त्यांनी डिसेंबरातला तो दिवस लिहिला होता, बॉम्ब पडले तो, वर्षासकट. मी बोट ठेवलं. "निदान ही तरी बदला. ही बघून कुणीही पकडेल."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "त्यानंतर शाळा भरली नै, शांता. दुसरी तारीख मी कुठून आणूं?"

आणि त्या वर्गावर गेल्या. मी धनमचं नाव आठवीच्या नोंदवहीत चढवलं. तारखेचा रकाना कोरा ठेवला. हेडमिस्ट्रेस बाईंपुढे दाखला गेला तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसत बसल्या आणि पुसता पुसताच सही केली.

त्या वर्षी आणि पुढल्या वर्षी मिळून असे सात दाखले झाले. सातही मुली टीचरांनी समोर बसवून तपासल्या होत्या. ज्या यत्तेची मुलगी, तीच यत्ता लिहीत. एकीला आठवीत घाला म्हणून तिच्या आजीनं हात जोडले, तर टीचरांनी सहावी लिहिली. "ही सहावीची आहे," म्हणाल्या. सातही कागदांवर तारीख मात्र एकच. ती त्यांनी कधी बदलली नाही. मी पुन्हा विचारलंही नाही.

तपासणीला इन्स्पेक्ट्रेस बाई आल्या तेव्हा त्यांनी नोंदवहीतला तो रकाना सात ठिकाणी कोरा पाहिला आणि मूळ दाखले मागितले. त्या हुशार होत्या. कागद एकापुढे एक मांडून त्यांनी फक्त एकदाच वाचले. मग टीचरांना बोलावून घेतलं.

"हे तुम्ही लिहिलं?"

"हो."

"या मुली तुमच्या शाळेत होत्या?"

"नाही."

"म्हणजे हे खोटं आहे."

"दाखला खोटा आहे, मॅडम," टीचर म्हणाल्या. "यत्ता खरी आहे."

इन्स्पेक्ट्रेस बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि ही तारीख? खोटंच लिहायचं तर अशी तारीख कुणी लिहितं कां? तुम्ही मला काय समजता?"

टीचर उभ्याच होत्या. त्यांना बसायला सांगितलं नव्हतं. "तुम्हाला फसवायला नाही, मॅडम. त्या दिवसानंतरचं मला काही लिहिता येत नाही."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इन्स्पेक्ट्रेस बाईंनीही पाहिलं. नोंदवही माझ्या अक्षरात होती. मी तोंड उघडायच्या आत टीचर म्हणाल्या, "लेखनिकानं पुढे आलेला कागद उतरून घ्यायचा असतो. कागद मी दिला." ती तारीख पहिल्या दाखल्याच्या वेळीच माझ्या लक्षात आली होती, मी विचारलं होतं, रकाना मीच कोरा ठेवला होता. यातलं मी काही सांगितलं नाही. आज ते इथे लिहिते आहे.

टीचरांनी एकच मागणं केलं. "मला काढा. मुलींची आज, आत्ता, त्यांच्या यत्तेची परीक्षा घ्या. नापास झाल्या तर खाली बसवा."

इन्स्पेक्ट्रेस बाईंना हे मानायची गरज नव्हती. पण त्यांनी मानलं. सात मुलींना ग्रंथालयाच्या खोलीत बसवलं आणि त्या स्वतः दारात खुर्ची घेऊन बसल्या. दोन तासांनी कागद तपासले. सहा जणी आपापल्या यत्तेत राहिल्या. धनमला गणितात पैकीच्या पैकी होते. सातवी मुलगी सरसू, तीच सहावीची. तिनं एकही उत्तर लिहिलं नव्हतं. कागदावर वर फक्त नाव, बापाचं नाव, रस्ता, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा. अनोळखी बाई दारात बसली म्हणून तिचा हात उठला नाही, असं टीचर म्हणाल्या. पण कोऱ्या कागदाला गुण देता येत नाहीत, हेही त्याच म्हणाल्या. सरसूला चौथीत बसवलं. आठ दिवसांत तिची आजी तिला ओरत्तनाडूकडच्या आपल्या खेड्यात घेऊन गेली.

निवृत्तीला दीड वर्ष होतं. समितीनं टीचरांना राजीनामा लिहायला सांगितलं, म्हणजे बोभाटा होणार नाही. त्यांनी चार ओळी लिहिल्या. कारणाच्या जागी 'मी खोटा दाखला दिला' असं लिहिलं. समितीला 'प्रकृतीच्या कारणास्तव' हवं होतं. तीन दिवस निरोप येत-जात राहिले. शेवटी त्यांनी कारणाची जागा रिकामी सोडली आणि समितीनं तसाच स्वीकारला. निरोपाचा समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी वर्गाकडून पत्ता म्हणवून घेतला, हजेरी घेतली आणि त्या वर्गाचा पट माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. एकही खाडाखोड नव्हती.

मग त्या शनिवारी शनिवारी ओरत्तनाडूच्या बसनं जाऊ लागल्या. सरसूच्या आजीनं पहिल्यांदा त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा ताक दिलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "भात निवडता निवडता शिकवा. हात रिकामा राहता कामा नये." तेव्हापासून टीचर सुपासमोर बसून शिकवत. गल्लीतले लोक म्हणत, शाळेनं काढलं म्हणून डोकं फिरलं. मी त्यांना एकदा म्हटलं, "यमुनक्का, आतां पुरे की. तुमचा पाय सुजतो." त्या म्हणाल्या, "मी तिची परीक्षा मागितली, शांता. तिला कुणी विचारलं नव्हतं."

हे त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या. त्या वर्षी त्यांचा आवाज नेहमीच तसा असे. दुःखाचा म्हणता येणार नाही. खूप चालून आलेलं माणूस ओट्यावर बसताना जसा श्वास सोडतं, तसा.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बसस्टँडवर. श्रावण होता, उन्हात डोळे मिटत होते. मी आत्याला कुंभकोणमच्या बसमध्ये बसवायला गेले होते. टीचर ओरत्तनाडूच्या बसच्या पायरीवर एक पाय ठेवून उभ्या होत्या आणि कंडक्टरशी वाद घालत होत्या. कंडक्टर म्हणत होता, "पाटी, ती पाटी मांडीवर घ्या, सीटवर ठेवायची नाही." आमच्याकडे तमिळमध्ये म्हाताऱ्या बाईला पाटी म्हणतात. त्या म्हणत होत्या, "मांडीवर फुटते. सीटवर माणूस आल्यावर उचलीन." शेवटी त्यानंच पाटी घेऊन खिडकीशी उभी करून ठेवली. त्यांनी मला पाहिलं. हात केला नाही, नुसती मान हलवली, वर्गात मुलीचं उत्तर बरोबर आलं की हलवत तशी. बस सुटली.

त्या आठवड्यात त्यांना तिथेच, सरसूच्या घरी, ताप आला. डॉक्टर येईपर्यंत दोन दिवस गेले. आम्हाला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. आजीनं त्यांचं सगळं आपल्या माणसासारखं केलं, हे मला नंतर गावातल्या लोकांनी सांगितलं.

सहा जणींपैकी तिघी गेल्या वर्षी एस.एस.एल.सी., म्हणजे मॅट्रिक, झाल्या. त्यांतली धनम तिरुचीला नर्सिंग शिकते. दोघी अजून आमच्या शाळेत आहेत. एकीचं लग्न झालं. सरसू शाळेत परत आली नाही. तिला वाचता येतं.